ऑनलाइन बुद्धिबळ आणि अडकलेलं रेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मास्टर नाही, प्रशिक्षक तर नाहीच. प्रौढ वयात ऑनलाइन बुद्धिबळाच्या नादी लागलो, ७५० वर बराच काळ रुतलो आणि तीनेक वर्षांनी रॅपिडमध्ये (दहा मिनिटं आणि त्याहून मोठ्या डावांत) १४५० च्या आसपास हेलकावे खातोय. एवढ्या भांडवलावर लोक मला प्रश्न विचारतात, कारण ते जिथे अडकलेत तिथून मी नुकताच सुटलोय आणि तिथले खड्डे अजून आठवतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकत्र केले. ज्यांचं रेटिंग १८०० च्या वर आहे त्यांना यात नवीन काही मिळणार नाही.

१. सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं. लगेच ऑनलाइन खेळायला बसू, की आधी काही शिकून घेऊ?

बसा. फक्त त्याआधी एक संध्याकाळ दोन गोष्टींना द्या.

पहिली गोष्ट, नियमांचे कानेकोपरे. किल्लेकोट (कॅसलिंग) कधी करता येत नाही: राजाला शह असताना, राजा ज्या घरावरून जाणार किंवा ज्या घरात बसणार तिथे शह बसत असेल तर, आणि राजा किंवा तो हत्ती आधी एकदा हलला असेल तर. स्टेलमेट म्हणजे काय: राजाला शह नाही, पण एकही नियमात बसणारी चाल उरलेली नाही, की डाव बरोबरीत. आणि एन पासाँ. समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून तुमच्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसलं, तर लगेच पुढच्याच चालीत ते एक घर आल्यासारखं तिरकं मारता येतं. आपलं प्यादं पटावरून अचानक नाहीसं झालं म्हणून साइट बिघडली असं समजणारे बरेच असतात. मी त्यांतलाच एक होतो.

दुसरी गोष्ट, एकट्या राजाला मात देणं. राजा आणि वजीर असतील तर अचूक खेळून जास्तीत जास्त १० चालींत मात होते, राजा आणि हत्ती असतील तर १६. तुम्हाला तीस लागल्या तरी चालेल, पण जमलं पाहिजे. नाहीतर जिंकलेला डाव जिंकताच येत नाही.

२. कुठल्या साइटवर खेळावं?

दोन मोठ्या आहेत. चेस डॉट कॉम २००७ मध्ये सुरू झाली. तिथे खेळाडू प्रचंड, पण विश्लेषणाच्या आणि सरावाच्या काही सोयींना पैसे किंवा मर्यादा आहेत. लिचेस २०१० मध्ये सुरू झाली. ती पूर्ण मोफत, जाहिरातीविना, आणि तिचा कोडही खुला आहे. खेळ सुधारण्याच्या दृष्टीने फरक नगण्य. एक निवडा आणि तिथेच टिका. रेटिंग घसरलं की साइट बदलण्याची खोड मला वर्षभर होती. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटतं, मग नवा आकडाही तिथेच येऊन बसतो.

३. एका साइटवर माझं रेटिंग ११०० आहे, दुसरीवर १४००. खरं कुठलं?

दोन्ही खरी, आपापल्या साइटपुरती. त्या साइटवरच्या बाकीच्यांशी खेळताना तुम्ही किती गुण (जिंकलात तर एक, बरोबरीला अर्धा) मिळवाल याचा अंदाज म्हणजे रेटिंग. बाकीचे बदलले की आकडा बदलतो. मूळ पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. जागतिक संघटना फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. त्या गणितानुसार २०० गुणांनी वरचढ खेळाडू १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवतो, ४०० ने वरचढ असेल तर सुमारे ९१. म्हणजे तुमच्याहून २०० ने खालचा खेळाडूही चार डावांमागे एक गुण नेणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या दोन्ही साइट मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीचे प्रकार वापरतात. त्यात रेटिंगसोबत त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा याचाही हिशेब असतो. नव्या खात्यावर भरवसा कमी, म्हणून सुरुवातीला एकेका डावात आकडा मोठी उडी मारतो आणि पुढे आठ-दहा गुणांनीच हलतो. लिचेस नव्या माणसाला १५०० वर बसवते. चेस डॉट कॉमवर आपली पातळी आपण सांगायची असते. मग आकडे जुळावेत कसे? तुलना करायचीच असेल तर स्वतःच्या सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी, त्याच साइटवर, त्याच प्रकारात करा.

४. तीन मिनिटांचे डाव खेळू, दहाचे, की त्याहून मोठे?

सुधारायचं असेल तर १५+१०, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे दहा सेकंदांची भर. ते जमत नसेल तर निदान १०+०. चेस डॉट कॉमवर ३ मिनिटांच्या आतलं बुलेट, ३ पासून १० च्या आत ब्लिट्झ, १० पासून पुढे रॅपिड. लिचेस मूळ वेळेत भरीच्या ४० पट मिळवून प्रकार ठरवते. १५+१० तिथेही रॅपिडच.

मोठे डाव का? तीन मिनिटांत हात तेच करतो जे त्याला आधीपासून येतं. नवी सवय लावायला प्रत्येक चालीपाशी पाच-दहा सेकंद थांबावं लागतं, आणि ब्लिट्झमध्ये ते परवडत नाही. मी दोन महिने रोज रात्री ब्लिट्झ खेळलो. त्यातून माझ्या जुन्या चुका जास्त वेगाने व्हायला लागल्या.

भरीची पद्धत बॉबी फिशर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेटंट केली, आणि हौशी खेळाडूवर तिचे उपकार आहेत: वजीर जास्त असताना केवळ घड्याळापायी हरण्याची वेळ कमी येते.

ब्लिट्झ सोडा असं मी म्हणत नाही. मजा म्हणून खेळा. फक्त त्याला सराव म्हणू नका.

५. रोज दहा-पंधरा डाव खेळतो, तरी सहा महिने रेटिंग जागचं हलत नाही. कुठे चुकतंय?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

एक काम करा. शेवटचे तीस हरलेले डाव उघडा आणि प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: डाव नेमका कुठे गेला? 'ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) येत नव्हतं' असं मोघम नको. 'चाल १७, घोडा फुकट दिला', 'चाल २२, मागच्या ओळीवर मात दिसली नाही' असं लिहा. मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं की माझं नियोजन कच्चं आहे. वहीत मात्र पानभर एकच गोष्ट होती. निम्म्याहून कितीतरी जास्त डावांत मी एखादी सोंगटी अशा घरात नेऊन ठेवली होती जिथे ती सरळ मारली जात होती, किंवा आधीच हल्ल्यात असलेली सोंगटी तशीच सोडून दुसरीकडे काहीतरी 'करत' होतो. मराठीत याला घोडचूक म्हणतात. माझ्या बाबतीत शब्द अक्षरशः लागू पडत होता, कारण बहुतेक वेळा समोरचा घोडाच अडीच घरं उडी मारून येत होता.

हजार-बाराशेच्या खालचे डाव कुणाची योजना खोल होती यावर ठरत नाहीत. शेवटची घोडचूक कुणी केली यावर ठरतात. ती शेवटची घोडचूक आपली नसली, एवढ्यावरच दोन-तीनशे गुण उभे आहेत. पंधरा डाव खेळून त्या चुका पंधरा वेळा गिरवण्यापेक्षा दोन डाव खेळा आणि दोन्ही परत बघा. घोडचूक कशी टाळायची ते प्रश्न ६ मध्ये, डाव परत कसा बघायचा ते प्रश्न १० मध्ये.

६. 'चाल करण्याआधी नीट बघा' असं सगळेच सांगतात. घड्याळ चालू असताना नेमकं काय बघायचं?

क्रम ठरवून घ्या आणि तो कंटाळा येईपर्यंत पाळा.

समोरच्याने आत्ता हलवलेली सोंगटी नव्या घरातून कशाकशावर नजर ठेवून आहे? ती हलल्यामुळे मागच्या एखाद्या सोंगटीची वाट मोकळी झाली का? आणि तिने सोडलेल्या घराची राखण आता कोण करतंय? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि फुकटातली कमाई बरेचदा तिथेच असते. मग आपली चाल मनात ठरवा. ठरल्यावर हात माऊसवरून काढा आणि उलट्या बाजूने बघा: ही चाल झाल्यावर समोरच्याला कोणता शह आहे, तो काय मारू शकतो? एवढंच. सवय झाल्यावर याला पाच सेकंद लागतात.

उदाहरण घ्या. पांढरा घोडा डी५ वर (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८) येऊन बसला आणि तुमचा राजा अजून ई८ वर, हत्ती ए८ वर. तुम्ही उंट बाहेर काढायच्या तंद्रीत आहात. पुढच्या चालीला घोडा सी७ वर: शह, आणि हत्तीवर हल्ला. घोडा डी५ वर आला तेव्हाच 'हा तिथून कुठे जाईल?' एवढं विचारलं असतं तर हत्ती वाचला असता.

याची गरज फक्त आपल्यालाच असते असं समजू नका. २००६ मध्ये बॉन इथे तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणकाविरुद्ध खेळताना एका चालीतली मात पाहायला विसरला आणि वजीर एच७ वर डाव संपला. २०१४ च्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत, सोची इथे, सहाव्या डावात मॅग्नस कार्लसनने राजा डी२ वर नेऊन मोठी चूक केली. विश्वनाथन आनंद यांना घोड्याने ई५ चं प्यादं मारून डाव फिरवता आला असता, पण त्यांनी ए-प्यादं पुढे ढकललं आणि संधी गेली. आपल्याच योजनेत गुंतलं की समोरच्याने काय केलं ते दिसत नाही, मग माणूस कुणी का असेना.

७. कोड्यांमध्ये माझं रेटिंग १९०० आहे आणि डावांत ११००. हे कसं?

कोडं समोर येतं तेव्हाच तुम्हाला कळलेलं असतं की इथे काहीतरी आहे. डावात तसं कुणी खांद्यावर टिचकी मारून सांगत नाही. शिवाय कोड्यांचं आणि डावांचं रेटिंग या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, त्यामुळे फरक राहणारच. पण आठशेचा फरक असेल तर कोडी अंदाजाने सुटत असण्याची दाट शक्यता आहे. पहिली चाल आकर्षक दिसली, मारली, बरोबर निघाली, पुढचं पुढे बघू. डावात ही सवय महागात पडते.

कोडी सोडवा, पण पहिल्या चालीला हात लावण्याआधी शेवटपर्यंतचा क्रम मनात पूर्ण करा, समोरच्याच्या उत्तरांसह. रोज दहा पुरेत. आणि अवघडपेक्षा सोपी, एकाच विषयाची भरपूर: दुहेरी हल्ला, पिन (मागे राजा किंवा मोठी सोंगटी असल्याने पुढची अडकून पडते ती), मागच्या ओळीवरची मात. ती इतकी की बघताक्षणी ओळखू यावीत. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग मांडला होता. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली की मास्टर ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो, पण सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या की त्याचा वरचष्मा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती वेगळी नसते, त्याच्या डोळ्यांत आकृत्या साठलेल्या असतात. सोप्या कोड्यांचा ढीग त्यासाठीच.

८. ओपनिंग किती पाठ करायची?

पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ विरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक (नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं त्या घरात). प्रत्येकी पाच-सहा चाली, आणि त्या का करतो हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. पांढऱ्याने इटालियन किंवा लंडन, काळ्याने ई५ किंवा कारो-कान, काहीही चालेल. बाकी तत्त्वं तीच जुनी: मधल्या घरांवर ताबा, घोडे-उंट बाहेर, लवकर किल्लेकोट, विनाकारण एकच सोंगटी दोनदा हलवायची नाही.

पंधरा चालींपर्यंत पाठांतर करणाऱ्याचा घोटाळा असा होतो की समोरचा तिसऱ्याच चालीला पुस्तक सोडून देतो. मी एका गँबिटवर (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला करण्याच्या ओपनिंगवर) महिना घालवला आणि तो पटावर मोजून दोनदा आला.

एक सापळा मात्र ठाऊक हवाच. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५. काळा डी५ करतो, पांढरा ते मारतो. इथे घोड्याने परत मारण्याचा मोह टाळा, कारण मग पांढरा घोडा एफ७ वर बळी देऊन तुमच्या राजाला मैदानात ओढून काढतो. त्याऐवजी घोडा ए५ करून सी४ च्या उंटाला त्रास द्या.

९. समोरचा दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणतो आणि मी चार चालींत हरतो. उपाय?

ई४ ई५, वजीर एच५. आता त्याची नजर ई५ च्या प्याद्यावर आहे, म्हणून घोडा सी६. मग तो उंट सी४ वर आणतो आणि एफ७ वर मात करण्याची धमकी देतो. आता जी६. वजीर एफ३ वर जाऊन पुन्हा तीच धमकी देईल, तेव्हा घोडा एफ६. झालं. तुमचे दोन घोडे बाहेर आलेत आणि त्याचा वजीर उगाच फिरतोय.

क्रम मात्र बदलू नका. घाबरून दुसऱ्याच चालीला जी६ केलंत तर वजीर ई५ चं प्यादं शह देत खातो आणि पुढच्या चालीत कोपऱ्यातला हत्ती. मी हा धडा एकाच संध्याकाळी तीनदा घेतला.

१०. डाव संपल्यावर इंजिन (चाली तपासणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम) लावतो, लाल खुणा बघतो आणि बंद करतो. यातून शिकायचं कसं?

आधी इंजिनाशिवाय. डाव एकदा चालवत जा आणि दोन-तीन जागा शोधा: जिथे तुम्हाला काय करावं कळत नव्हतं, जिथे तुम्ही घाबरलात, जिथे डाव फिरला असं वाटतं. तिथे तेव्हा काय विचार केला होता ते लिहा. मगच इंजिन लावा आणि तुमचा अंदाज बरोबर होता का ते बघा. जिथे तुमचं आणि इंजिनाचं मत जुळत नाही तिथे थांबा. शिकण्यासारखं तिथे असतं.

स्टॉकफिश हे इंजिन मोफत आहे आणि कुठल्याही माणसापेक्षा बलवान आहे, पण ते कारण सांगत नाही, आकडा सांगतं. +१ म्हणजे साधारण एका प्याद्याची सरशी. आपल्या पातळीवर ०.३ चा फरक विसरून जा. आकडा एका चालीत दोन-तीनने कोसळला तेवढ्याच जागा बघा. इंजिनाने सुचवलेली 'सर्वोत्तम' चाल दहा मिनिटं बघूनही कळली नाही तर सोडून द्या. दुसरी-तिसरी पसंती बरेचदा माणसाला कळणारी असते.

आणि साइट डावानंतर दाखवते त्या अचूकतेच्या टक्क्यांवर जाऊ नका. समोरच्याने दहाव्या चालीला वजीर दिला आणि पुढे तुम्ही फक्त उरलंसुरलं मारत गेलात तर ९५ टक्के सहज येतात. माझे शिकवून गेलेले काही डाव सत्तरीतले आहेत.

११. जिंकत आलेला डाव शेवटी हातातून जातो. एंडगेम (थोड्या सोंगट्या उरलेला शेवटचा टप्पा) किती शिकायचा?

ओपनिंगपेक्षा जास्त, आणि वाटतो त्यापेक्षा कमी. एकट्या राजाला मात देणं (प्रश्न १) आलं की पुढची पायरी राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा. दोन राजे एक घर मध्ये सोडून समोरासमोर उभे राहिले की ज्याची चाल असेल त्याला वाट सोडावी लागते. ही 'अपोझिशन' बोटांवर आली पाहिजे. एक ठोकताळा: तुमचा राजा सहाव्या ओळीवर आणि प्यादं त्याच्या मागे पाचव्या ओळीवर असेल, तर चाल कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. कडेच्या ए आणि एच प्याद्यांना हे लागू नाही. तिथे समोरचा राजा कोपऱ्यात शिरला की बरोबरी. त्या प्याद्यासोबत तुमच्याकडे उंट असला तरीही, जर तो उंट प्यादं वजीर होण्याच्या घराच्या रंगाचा नसेल! हा अपवाद मला माहीत नव्हता आणि मी तीस चाली त्या कोपऱ्याभोवती फिरत बसलो होतो.

हत्तींच्या शेवटात निदान फिलिडोरची बचावाची पद्धत शिका. फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, संगीतकारही होता. तुमचा राजा समोरच्या प्याद्याच्या वाटेत, आणि हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठाण मांडून, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. त्याने प्यादं त्या ओळीवर ढकललं की तुमचा हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं.

खरा तोटा मात्र अदलाबदलीत होतो. सोंगट्या मारामारी करून संपवण्याआधी विचारा: सगळं गेल्यावर नुसत्या प्याद्यांचा शेवट कुणाचा? १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जागतिक विजेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने आधी हत्तींची अदलाबदल केली, मग उंटांची, आणि उरला प्याद्यांचा जिंकलेला शेवट. बरोबरीत सुटणारा डाव तिथे गेला, आणि विजेतेपदही.

१२. वजीर, हत्ती सगळं जास्त असताना स्टेलमेट झालं. हे किती दिवस चालणार?

समोर एकटा राजा उरला की प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न: ही चाल केल्यावर त्याला जायला घर आहे का? नसेल तर शह असलाच पाहिजे. आणि एक वजीर पुरेसा असताना दुसरा करू नका. दोन वजीर जेवढी घरं अडवतात तेवढीच स्टेलमेटची भीती वाढते.

१३. माझी वेळ संपली तेव्हा समोरच्याकडे फक्त राजा आणि घोडा होता. एका साइटवर बरोबरी मिळाली, दुसरीवर हार. चूक कुणाची?

कुणाचीच नाही, नियम वेगळे आहेत. समोर एकटा राजा असेल तर दोन्हीकडे बरोबरी. पण एक घोडा असेल आणि तुमच्याकडे प्यादं असेल, तर लिचेस फिडेच्या धर्तीवर विचारते: दोघांनी मिळून कितीही वेड्यासारखं खेळलं तर मात शक्य आहे का? शक्य असेल तर हार. चेस डॉट कॉम एकट्या घोड्याला अपुरं बळ मानते आणि बरोबरी देते.

असाच फरक पुनरावृत्तीतही आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की चेस डॉट कॉमवर डाव आपोआप बरोबरीत सुटतो. लिचेसवर सहसा बटण दाबून दावा करावा लागतो, आपोआप सुटायला पाच वेळा यावी लागते. हरत असताना हे बटण आठवलं पाहिजे. जिंकत असताना समोरच्याला ते वापरू द्यायचं नसेल तर शह देत तेच ते फिरवू नका.

१४. राजीनामा कधी द्यावा?

हजाराच्या खाली, कधीच नको. प्रश्न १२ विचारणारे लोक समोर बसलेले असतात.

१५. समोरचा इंजिन वापरतोय असं वाटतं. काय करू?

तक्रारीचं बटण दाबा आणि पुढचा डाव सुरू करा. गप्पांच्या चौकटीत आरोप करू नका. त्यातून काही निष्पन्न होत नाही. सोप्या परत-मारण्यालाही सात सेकंद आणि अवघड बळीलाही सातच सेकंद, अशी एकसुरी लय संशयास्पद खरी, पण एका डावावरून सांगता येत नाही. नवं खातं असलेला चांगला खेळाडूही सुरुवातीला खाली भेटतो. फसवेगिरी सिद्ध झाली तर खातं बंद होतं आणि त्याच्याशी हरताना गेलेले गुण दोन्ही साइट परत करतात.

एक कबुली: मी ज्यांच्यावर मनातल्या मनात संशय घेतला ते बहुतेक डाव नंतर उघडले, तेव्हा समोरच्याने साध्या चाली केल्या होत्या. हत्ती मीच दिला होता.

१६. सलग पाच डाव हरलो की अजून खेळतो आणि अजून हरतो. थांबवायचं कसं?

नियम आधी ठरवा, डोकं शांत असताना: सलग दोन हार म्हणजे आजचा दिवस संपला. हरल्यावर लगेच 'परत खेळू' दाबणारा माणूस प्रश्न ६ मधला एकही प्रश्न स्वतःला विचारत नाही. माझे सर्वांत वाईट दीडशे गुण एकाच रात्री गेले, साडेअकरा ते दीडच्या दरम्यान. परत मिळवायला पाच आठवडे लागले.

१७. माऊस घसरून वजीर भलत्याच घरात पडतो. आणि प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच आपली ठरवून ठेवणं) वापरावा का?

फोनवर मोठे डाव खेळू नका. बोटाखाली दोन घरं येतात. सोंगटी ओढण्याऐवजी आधी सोंगटीवर आणि मग घरावर टिचकी मारण्याची पद्धत निवडा. चाल पक्की करण्यासाठी वेगळं बटण दाबण्याची सोय असेल तर ती सुरू करा. प्रीमूव्ह फक्त तिथे, जिथे समोरच्याला दुसरी चालच नाही.

१८. ऑनलाइन १३०० आहे, पण खऱ्या पटावर बसलो की काहीच दिसत नाही.

डोळ्यांना वरून दिसणाऱ्या सपाट पटाची सवय लागलेली असते. खऱ्या पटावर लांबचा उंट दिसतच नाही. रोजच्या कोड्यांतली दोन-तीन खऱ्या पटावर मांडून सोडवा, महिन्याभरात फरक पडतो. स्पर्धेला जाणार असाल तर हात आवरा: ज्या सोंगटीला हात लावला ती हलवावीच लागते. किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा, हत्ती नंतर. आणि पुनरावृत्तीची बरोबरी तिथे दावा केल्याशिवाय मिळत नाही. स्थिती पाच वेळा आली तरच पंच स्वतः डाव थांबवतो.

१९. डाव चालू असताना ओपनिंगचं पुस्तक उघडलं तर ती फसवेगिरी का?

घड्याळावरच्या चालू डावात हो, निःसंशय. पण दिवसाला एक चाल अशा संथ डावांत ओपनिंगची पुस्तकं आणि साइटवरचा ओपनिंगचा संग्रह बघायला दोन्ही साइट परवानगी देतात. इंजिन तिथेही चालत नाही. तयार उत्तरं देणारी एंडगेमची कोष्टकंही नाहीत. ओपनिंग शिकण्याचा हा मला सर्वांत भावलेला मार्ग आहे, कारण पुस्तकातली चाल उचलताना ती का करायची हे शोधायला आख्खा दिवस मिळतो.

एक बारीक कोपरा राहतो. शेजारी बसलेल्या माणसाने 'अरे, घोडा बघ!' म्हटलं तर तीही बाहेरची मदतच. माझ्या घरात हे वारंवार होतं. रेटेड डाव (ज्याने रेटिंग बदलतं) असेल तर मी आधीच दार लावून घेतो. तरीही कुणी बोललंच, तर माझा घोडा बहुतेक आधीच गेलेला असतो.